नाउन क्लॉज, मोडी दफ्तर आणि आमची बँक



परवा नातीच्या इंग्रजीच्या वहीत एक प्रश्न पाहिला. 'खालील वाक्यांतील नाउन क्लॉज ओळखा आणि त्याचे कार्य सांगा.' खाली दहा वाक्यं. ती वैतागून म्हणाली, "आजोबा, बोलायला तर येतंच ना? मग हे ओळखून करायचं काय?" जेवायची वेळ झाली होती, मी काहीतरी बोलून विषय टाळला. पण रात्री झोप येईना. कारण हे 'ओळखणं' न केल्यामुळे एका माणसाचं नुकसान माझ्या हातून झालेलं आहे. ते सांगायचं तर आधी बडोद्याची शाळा, घरातले मोडी कागद आणि इंग्रजी व्याकरणाची थोडी हकीकत सांगावी लागेल. पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

मी काही व्याकरणाचा पंडित नाही. बी.कॉम. झालो आणि बँकेत लागलो. आमच्या वेळी गुजरातेत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, आणि मिसरूड फुटायच्या बेतात असताना इंग्रजीची एबीसीडी. त्यामुळे आमच्या सरांना तीन-चार वर्षांत सगळं शिकवून एस.एस.सी.ला बसवायचं असे. त्यांनी फळ्यावर चार रकाने आखून दिले होते: वाक्य, प्रकार, कार्य, कशाशी जोडलेलं. याला म्हणत ॲनॅलिसिस. मराठीच्या तासाला याचंच नाव वाक्यपृथक्करण.

सर सांगत, की नाम म्हणजे एकच शब्द असला पाहिजे असं नाही. कधी कधी आख्खं वाक्यच नामाच्या खुर्चीवर येऊन बसतं. त्याला स्वतःचा कर्ता असतो, स्वतःचं क्रियापद असतं, पण मोठ्या वाक्यात ते एका नामाचंच काम करतं. तो नाउन क्लॉज, मराठीत नामवाक्य. ओळखायची त्यांची युक्ती सोपी होती. तेवढा तुकडा काढा आणि तिथे 'समथिंग' घाला. वाक्य उभं राहिलं तर बहुतेक तो नाउन क्लॉज.

'आय नो दॅट ही इज ऑनेस्ट.' तुकडा काढला, 'आय नो समथिंग.' चाललं. इथे तो कर्म आहे.
'व्हॉट ही सेड वॉज ट्रू.' 'समथिंग वॉज ट्रू.' इथे तो कर्ता.
'द ट्रबल इज दॅट द लेजर डज नॉट टॅली.' इथे तो पूरक.
'इट डिपेंड्स ऑन व्हॉट द मॅनेजर सेज.' इथे 'ऑन' या शब्दयोगी अव्ययाचं कर्म.

पाचवं कार्य जरा अवघड. नामाच्या शेजारी बसून त्याच नामात काय आहे ते सांगायचं. इंग्रजीत त्याला ॲपोझिशन म्हणतात. याचं उदाहरण मला सरांनी नाही, रेडिओनं दिलं. १९ जुलै १९६९ ची रात्र. मी कॉलेजात होतो. चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्याचं इंदिराबाईंनी रेडिओवरून सांगितलं. आता ही दोन वाक्यं बघा. 'द न्यूज दॅट फोर्टीन बँक्स हॅड बीन नॅशनलाइझ्ड सरप्राइझ्ड अस.' आणि 'द न्यूज दॅट केम ऑन द रेडिओ सरप्राइझ्ड अस.' दोन्हीकडे 'न्यूज दॅट'. पण पहिल्यात 'दॅट'च्या पुढे आहे ती बातमीच, म्हणून तो नाउन क्लॉज. दुसऱ्यात बातमी काय ते सांगितलेलंच नाही, फक्त कुठली बातमी तेवढं सांगितलंय, म्हणून तो ॲडजेक्टिव्ह क्लॉज. 'दॅट'च्या जागी 'विच' घालून बघायचं. दुसऱ्यात बसतं, पहिल्यात बसत नाही. इथे 'समथिंग'ची युक्ती चालत नाही, 'विच'ची चालते. परीक्षेत याच जागी निम्मा वर्ग पडायचा.

एकदा सरांनी खिशातून दहाची नोट काढून वाचली. 'आय प्रॉमिस टु पे द बेअरर द सम ऑफ टेन रुपीज.' म्हणाले, नाउन क्लॉज सांगा. आम्ही सगळ्यांनी 'टु पे'पासून पुढचं दाखवलं. सर हसले. 'टु पे'ला स्वतःचा कर्ता कुठाय? काळ दाखवणारं क्रियापद कुठाय? 'प्रॉमिस'चं कर्म आहे हे खरं, पण तो क्लॉज नाही. 'आय प्रॉमिस दॅट आय शॅल पे' असतं तर झाला असता. पुढे सगळा जन्म नोटा मोजण्यात गेला, पण ती नोट विसरलो नाही.

आता ही रकान्यांची पद्धत आली कुठून? १७९५ साली लिंडली मरे यांचं इंग्रजी व्याकरण निघालं आणि पुढची कित्येक वर्षं तेच चाललं. त्या पद्धतीत भर असे तो एकेका शब्दावर, म्हणजे हा कोण, त्याचं लिंग काय, वचन काय. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, तोही असाच काळ. वाक्याचे मोठे तुकडे पाडून कुठला तुकडा नामासारखा, कुठला विशेषणासारखा, कुठला क्रियाविशेषणासारखा वागतो, हे बघायची रीत जर्मनीत कार्ल फर्डिनंड बेकर यांनी मांडली. इंग्लंडात जे. डी. मोरेल नावाचे शाळा-निरीक्षक होते, त्यांनी १८५२ च्या आपल्या पुस्तकातून ती शाळेत आणली. आपल्या देशात ती रुजवली नेसफील्ड यांनी. ते वायव्य प्रांत आणि अवधच्या शिक्षण खात्याचे संचालक होते, आणि १८९० च्या दशकात त्यांची व्याकरणाची पुस्तकं निघाली. नाउन क्लॉजची वर दिलेली पाचही कार्यं त्यांत क्रमानं आहेत. मग १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन आले, ते तर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असतील. त्यातले रेन मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी करून गेले होते आणि 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी त्यांचीच. मराठीत मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त वाक्यपृथक्करण आहे. म्हणजे जर्मनीतून निघालेली गोष्ट इंग्लंड, लखनौ, पुणे करत बडोद्याच्या फळ्यावर आली.

बडोद्याला परक्या भाषेची ही मेहनत नवी नव्हती. आपले सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, चारही भाषा त्यांना एकदमच शिकाव्या लागल्या. इंग्रजीला इलियट साहेब होते. त्याच महाराजांनी १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ ला सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांचा 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' काढून अनेक भाषांतले प्रतिशब्द एका ठिकाणी आणले, तेही त्यांनीच. सरकारी कागदात काय लिहिलंय हे रयतेला समजलं पाहिजे, असा त्यामागचा हेतू मला दिसतो.

कागदावरून आजोबा आठवले. ते गायकवाडी महसूल खात्यात कारकून होते. घरी माळ्यावर दोन रुमाल होते, तांबड्या कापडात बांधलेले मोडी कागद. दिवाळीच्या सफाईत ते खाली येत, आणि आजोबा चष्मा लावून एखादा वाचून दाखवत. जुन्या मराठी पत्रांत नमस्कार-आशीर्वाद झाले, कुणी कुणाला लिहिलं ते झालं, की 'ऐसे जे' येतं, आणि मग खरा मजकूर. आमच्या सरांच्या भाषेत सांगायचं तर 'ऐसे जे'च्या पुढचं सगळं नामवाक्य. शिवकालातल्या आणि त्याआधीच्या फारसी वळणाच्या पत्रांत 'बिदानद' हा शब्द येतो. त्याचा अर्थ 'जाणावे'. काय जाणावे? तर पुढे येतं ते. आजोबा कागद हातात घेतला की आधी 'ऐसे जे'च्या अलीकडचं दोनदा वाचत, मग पलीकडचं. मला तेव्हा कंटाळा यायचा.

बँकेत आल्यावर मुखत्यारपत्रं बघायला लागलो. त्यांची सुरुवात ठरलेली: 'नो ऑल मेन बाय धीज प्रेझेंट्स दॅट...' एका नव्या पोरानं मला विचारलं होतं, "साहेब, यात प्रेझेंट कुठलं द्यायचंय?" इथे प्रेझेंट्स म्हणजे भेटवस्तू नव्हे, तर 'हा समोरचा लेख'. या लेखानं सर्वांनी जाणावे की. मूळ लॅटिन सूत्र 'नोव्हेरिंट युनिव्हर्सी', त्याचा अर्थही तोच. म्हणजे विजापूरचा मुन्शी 'बिदानद' लिहित होता आणि लंडनचा वकील 'नो ऑल मेन' लिहित होता. दोघांची ओळख नाही, पण दोघांनी आधी 'जाणावे' लिहिलं, आणि जे जाणायचं ते एका वाक्यात गुंडाळून पुढे ठेवलं.

मात्र आपली मराठी हे गुंडाळण्याचं काम दोन-तीन तऱ्हांनी करते, आणि तिथेच इंग्रजीत आपला पाय घसरतो. एक तऱ्हा 'तो येईल असं वाटतं', म्हणजे नामवाक्य आधी आणि क्रियापद शेवटी. दुसरी, जुन्या माणसांची, 'येतो म्हणून म्हणाला'. हे 'म्हणून' मोठं मजेदार आहे. आपल्या ग्रुपवरची बेळगावची मंडळी सांगतील, कानडीत असंच 'एंदु' किंवा बोलण्यातलं 'अंत' येतं. हैदराबादची मंडळी सांगतील, तेलुगूत 'अनि'. तिन्हींचं मूळ 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदात. संस्कृतातला 'इति'ही वाक्याच्या शेवटी बसून हेच काम करतो. तिसरी तऱ्हा 'की'ची, 'तो म्हणाला की...'. या 'की'चं नातं फारसीतल्या 'कि'शी सांगतात, आणि गुजरातीतला 'के' तसाच वापरतात. इंग्रजीच्या 'दॅट'सारखी दिसणारी हीच एक तऱ्हा, म्हणून भाषांतर करताना आपण बिनधास्त 'की'च्या जागी 'दॅट' ठेवतो.

पण 'की'च्या पुढे मराठी माणूस समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. 'तो म्हणाला की मी उद्या पैसे भरतो.' यातला 'मी' कोण? तो. आपल्याला शंकाही येत नाही. याचंच इंग्रजी वर्गातल्या पोरानं लिहिलं, 'ही सेड दॅट आय विल पे टुमॉरो', की पैसे भरायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आली! इंग्रजीत 'दॅट' म्हटलं की सर्वनामं आणि काळ सांगणाऱ्याच्या बाजूनं बदलावे लागतात: 'ही सेड दॅट ही वुड पे द नेक्स्ट डे.' प्रश्नाचंही तसंच. 'त्यानं विचारलं की तू कुठे राहतोस?' याचं आम्ही करायचो 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह'. तिथे 'दॅट' नको, 'डू' नको, शब्दांचा क्रमही साधा हवा: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्हड.' आमच्या अर्ध्या वर्गाचे मार्क या दोन वाक्यांत गेले.

शाळेत मार्क जातात. बँकेत काय जातं, ते आता सांगतो.

माझ्या नोकरीला सात-आठ वर्षं झाली होती. एका छोट्या कारखानदाराला लेथ मशीनसाठी कर्ज मंजूर झालं होतं. पहिला हप्ता दिलेला, दुसरा मशीन बसल्यावर द्यायचा. जामीन होते त्याचे मामा, नोकरीतून निवृत्त, त्यांची मुदत ठेव आमच्याकडे तारण. पाहणी करणाऱ्याचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'द पार्टी इन्फॉर्म्स अस दॅट द मशीन हॅज बीन रिसीव्हड अँड इन्स्टॉल्ड.' मी त्यावरून वरच्या साहेबांसाठी टिपण तयार केलं. घाईत होतो, मार्चअखेर होती. मी लिहिलं, 'द मशीन हॅज बीन रिसीव्हड अँड इन्स्टॉल्ड.' टिपणावर सही झाली. हप्ता सुटला.

दहा-अकरा महिन्यांनी नवे मॅनेजर आले, गुजराती गृहस्थ, शांत स्वभावाचे. त्यांनी थकलेल्या खात्यांची पाहणी काढली. शेडमध्ये सिमेंटचा चौथरा होता, मशीन नव्हतं. कधीच आलं नव्हतं. त्यांनी पत्र आणि माझं टिपण टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं, पत्रातल्या पहिल्या चार शब्दांवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "आ कोण कहे छे? पार्टी के तमे?"

मी काय बोलणार? मशीन बसलंय हे पार्टीचं म्हणणं होतं. पाहणी करणाऱ्यानं ते पार्टीच्या नावावर लिहून आपली मान सोडवून घेतली होती. प्रत्यक्ष बघायला पाठवलं होतं त्याला, आणि त्यानं ऐकून लिहिलं. ते पत्र नीट वाचलं असतं तर मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी पुढचं वाक्य, 'द पार्टी इन्फॉर्म्स अस', तेवढं कापलं, आणि मागचा नाउन क्लॉज सोडवून मोकळा उभा केला. एकाचं म्हणणं माझ्या सहीनं बँकेची खात्री झालं.

मला लेखी खुलासा द्यावा लागला, बढती दोन वर्षं मागे पडली. ते माझ्या कर्मानं. पण भाच्यानं हात वर केल्यावर मामांची ठेव कर्जात वळती झाली. ते काउंटरवर पावती घेऊन आले होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "साहेब, मशीन आलंय असं तुमच्या कागदात होतं ना? म्हणून मी निर्धास्त राहिलो." त्यांना मी काही उत्तर दिलं नाही. कायद्यानं बँक बरोबर होती. मी नव्हतो.

त्यानंतर सवयच लागली. कुठलाही कागद आला की 'दॅट' शोधायचा आणि आधी त्याच्या अलीकडचं वाचायचं. तिथे क्रियापद कुठलं आहे यावर सगळं असतं. 'धिस इज टु सर्टिफाय दॅट' असेल तर सही करणारा पुढच्या मजकुराची जबाबदारी घेतोय. 'द पार्टी स्टेट्स दॅट' असेल तर नाही घेत. 'वी अंडरस्टँड दॅट' असेल तर त्यानं कानावर आलेलं लिहिलंय. पुढचा क्लॉज तिन्हीकडे अक्षरशः एकच असू शकतो. सोसायट्यांच्या ठरावात 'रिझॉल्व्हड दॅट अ करंट अकाउंट बी ओपन्ड' असतं. त्यात 'इट वॉज' गाळलेलं आहे. ते भरलं तर 'इट' नुसता नावाचा, खरा कर्ता 'दॅट'पासूनचा क्लॉज. आणि ठराव केला कुणी ते त्या वाक्यात नसतंच. म्हणून आम्ही वर सभेची तारीख, हजर सभासद आणि अध्यक्षांची सही तपासायचो. नव्या पोरांना मी हे शिकवत असे, पण व्याकरण म्हणून नाही. एवढंच विचारायचो, हे कोण म्हणतंय?

दुसऱ्या दिवशी नातीला ही मामांची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुम्ही मेन क्लॉज उडवलात." मी म्हटलं, हो. तिनं दहाच्या दहा वाक्यं सोडवली. सातव्यात चुकली, तेच ॲपोझिशनचं.

आता आपल्या ग्रुपसाठी दोन शब्द. इथे आपण सगळे जुन्या आठवणी लिहितो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदं, बेळगाव, गोवा, हैदराबाद, कुठल्या कुठल्या वाड्यांच्या नि दरबारांच्या. कुणी लिहितं, 'आमचे आजोबा सांगत की महाराज एकदा वेश बदलून बाजारात आले होते.' छान वाटतं वाचायला. चार दिवसांनी तीच पोस्ट फिरून येते, आणि तिच्यात फक्त 'महाराज वेश बदलून बाजारात आले होते' एवढंच उरलेलं असतं. सांगणारे आजोबा गेलेले असतात. पाठवणाऱ्याला वाटतं, दोन शब्द तर कमी केले. मलाही मार्चअखेरीला तसंच वाटलं होतं. तेव्हा पुढे पाठवताना 'कुणी सांगितलं' तेवढं राहू द्या, ही विनंती.

आणि ज्यांच्या घरी मोडी कागदांचे रुमाल अजून आहेत, त्यांनी कृपा करून ते पाणी लागायच्या आत जाणकाराला दाखवा. आमचे दोन्ही रुमाल घर बदलताना गेले. तुमच्याकडच्या पत्रांत 'ऐसे जे' आहे की 'बिदानद', आणि तुमच्या आजीच्या बोलण्यात 'म्हणून म्हणाला' होतं का, ते खाली जरूर लिहा. बेळगाव आणि हैदराबादच्या मंडळींच्या उत्तरांची मी विशेष वाट बघतोय.